फोनची घंटी वाजण्यापूर्वी



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, की तो महागाई, बोनस आणि किमान वेतन यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी तुमची थोडी निराशा करणार आहे. माझा विषय आहे फोन. त्यातही फोनवरचे बोलणे नव्हे, तर बोलणे सुरू होण्याच्या आधी दोन यंत्रांमध्ये जो पत्रव्यवहार होतो, तो. हा पत्रव्यवहार एका सेकंदाच्या आत उरकतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण त्याच्या चार ओळी वाचता न आल्यामुळे माणसाचा पगार कापला जातो, म्हाताऱ्या माणसाची आयुष्याची पुंजी जाते, हे मी पाहिले आहे. म्हणून हा विषय इंजिनियर मंडळींवर सोपवून आपण मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही.

मी या विषयाकडे कसा वळलो, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयात कंत्राटी पद्धतीने फोन घेण्याचे काम करणारी अकरा मुले-मुली होती. कार्यालयाचे नाव सांगण्याची गरज नाही. बाहेरून लोकांचे फोन यायचे, ते यांनी घ्यायचे, तक्रार लिहून घ्यायची, असे ते काम. महिनाअखेर प्रत्येकाच्या नावे एक तक्ता निघे आणि त्यात ‘न उचललेले फोन’ असा एक रकाना असे. त्या रकान्यातल्या आकड्याप्रमाणे पगारातून कपात होई. एका भगिनीच्या नावावर एका महिन्यात ४१ फोन निघाले. ती युनियनच्या खोलीवर आली आणि म्हणाली, “भाऊ, फोन वाजलाच नाही, तं उचलू काय?”

व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले होते. यंत्र खोटे बोलत नाही. मी म्हटले, मान्य आहे. यंत्र खोटे बोलत नसेल, तर त्याने जे जे सांगितले ते सगळे आम्हाला दाखवा, तुम्ही त्यातून काढलेला तक्ता नको. दोन महिन्यांच्या तगाद्यानंतर कागदांचा एक गठ्ठा हाती आला. त्या कागदांवर इंग्रजी अक्षरे होती, आकडे होते, पण वाक्य म्हणून काही लागेना. माझे शिक्षण जे झाले ते युनियनच्या खोलीत, कायद्याची पुस्तके आणि शब्दकोश शेजारी ठेवून. तसाच याही कागदांपुढे बसलो. त्यातून जे समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

ट्रंक कॉलपासून इथपर्यंत

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. मुंबईला बोलायचे तर आधी एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा. ऑपरेटर विचारी: तुमचा नंबर काय, कुठला नंबर हवा, साधा की अर्जंट, कोणा विशिष्ट माणसाशी बोलायचे का? हे सगळे ती एका चिठ्ठीवर लिहून घेई आणि मग पुढच्या एक्स्चेंजशी बोलून लाइन जोडून देई. म्हणजे तेव्हाही बोलण्याच्या आधी एक चिठ्ठी होतीच. पुढे १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान देशात पहिल्यांदा थेट डायल करून परगावी फोन लावण्याची सोय झाली आणि ऑपरेटरची चिठ्ठी हळूहळू दिसेनाशी झाली. ती गेली नाही, यंत्राच्या पोटात शिरली.

इंटरनेटवरून आवाज पाठवण्याची युक्ती निघाली तेव्हा ही चिठ्ठी पुन्हा नव्याने लिहावी लागली. इंटरनेटवर तार जोडून देणारे मधले कोणी नसते. आवाजाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून तो रवाना करायचा, एवढेच तिथे होते. पण तुकडे कोणत्या पत्त्यावर टाकायचे, पलीकडचा माणूस घरी आहे का, तो बोलायला तयार आहे का, हे आधी कळले पाहिजे. त्यासाठी १९९६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने एक पद्धत ठरवली. ती यंत्राच्या सांकेतिक भाषेत होती, नुसत्या डोळ्यांना वाचता येत नसे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी दुसरी वाट धरली. हेनिंग शुल्झरिन, मार्क हँडली, ईव्ह स्कूलर आणि जोनाथन रोझेनबर्ग यांनी मार्च १९९९ मध्ये एक मसुदा प्रसिद्ध केला आणि जून २००२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. तीच ‘सिप’ या नावाने आज जगभर चालते.

या पद्धतीचा एक गुण मला फार मोठा वाटतो. तिच्यातल्या चिठ्ठ्या साध्या अक्षरांत लिहिलेल्या असतात. ई-मेलच्या माथ्यावर जशा ‘कोणाकडून’, ‘कोणाला’ अशा ओळी असतात, तशाच यातही असतात. इंग्रजी अक्षरओळख असलेला कोणताही माणूस त्या वाचू शकतो. ज्ञान कुलपात नाही. कुलूप आपल्या मनाला आहे.

आणि हे काही मोठ्या शहरातल्या कचेऱ्यांपुरते नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. तिच्या जाळ्यात जुन्या पद्धतीचा आवाजाचा मार्ग मुळी नव्हताच. आवाजसुद्धा इंटरनेटसारखाच तुकड्यातुकड्यांनी जातो आणि कॉल जोडण्याचे काम हीच सिप पद्धत करते. इतर कंपन्यांच्या चौथ्या पिढीच्या जाळ्यांवरून असा कॉल लागतो, तेव्हाही तेच. म्हणजे संग्रामपूरच्या शेतकऱ्याने मोताळ्याच्या व्याह्याला असा फोन लावला, की आज मी सांगतो आहे तीच चिठ्ठी निघते. व्हॉट्सॲपचा कॉल मात्र त्यांच्या स्वतःच्या रीतीने चालतो, तो आजच्या विषयात धरू नका.

निमंत्रणाची चिठ्ठी

या चिठ्ठीला ‘इन्व्हाइट’ म्हणतात, म्हणजे निमंत्रण. समजा, खामगावचा भाऊ मेहकरच्या बहिणीला फोन लावतो. त्याच्या फोनमधून जी चिठ्ठी निघते, तिची पहिली ओळ म्हणते: निमंत्रण, अमुक पत्त्यासाठी. त्याखाली दहा-पंधरा ओळी असतात. त्यांना हेडर म्हणतात. आपण मथळ्याच्या ओळी म्हणू. मग एक ओळ कोरी सुटते आणि त्याखाली दुसरा मजकूर येतो. आता या ओळी एकेक करून पाहू.

‘फ्रॉम’ ही ओळ सांगते, निमंत्रण कोणाकडून आले. हिच्यात नाव असू शकते, नंबर असतो आणि शेवटी ‘टॅग’ नावाची एक यदृच्छेने निवडलेली खूण असते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की ही ओळ पाठवणारा स्वतः लिहितो. पाकिटाच्या मागे आपण आपला पत्ता लिहितो, तसे. टपालखाते तो पत्ता खरा की खोटा, हे तपासत बसत नाही.

‘टू’ ही ओळ सांगते, निमंत्रण कोणाला आहे. इथे एक गंमत आहे. चिठ्ठी पुढे कुठे जाणार, हे या ओळीवरून ठरत नाही. ते पहिल्या ओळीतल्या पत्त्यावरून ठरते. बहिणीने आपला फोन मुलाच्या नंबरकडे वळवून ठेवला असेल, तर मधले यंत्र पहिल्या ओळीतला पत्ता बदलते, पण ‘टू’मध्ये बहिणीचेच नाव राहू देते. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता खोडून नवा घालतो, आतल्या पत्रातले ‘ती. सौ. ताईस’ मात्र तसेच राहते. म्हणून पहिली ओळ आणि ‘टू’ जुळत नसतील, तर कॉल वाटेत वळवला गेला असावा, असे समजावे.

‘कॉल-आयडी’ म्हणजे या कॉलचा पावती क्रमांक. याच्या जोडीला पाठवणाऱ्याचा टॅग आणि घेणाऱ्याचा टॅग, अशा तीन गोष्टी मिळून एक संभाषण ओळखले जाते. निमंत्रण निघते तेव्हा ‘टू’च्या ओळीत टॅग नसतो, तो पलीकडून उत्तर येताना लागतो. करारावर एका पक्षाची सही आधी होते, दुसऱ्याची नंतर, तसाच हा प्रकार.

‘सीसेक’ म्हणजे अनुक्रमांक आणि कामाचे नाव, उदाहरणार्थ ‘१ इन्व्हाइट’. त्याच संभाषणात त्याच बाजूने पुढची मागणी गेली की आकडा वाढतो. त्यामुळे ही नवी मागणी आहे की जुनीच पुन्हा पाठवली आहे, हे कळते.

‘मॅक्स-फॉरवर्ड्स’ हा एक आकडा असतो, बहुधा ७०. चिठ्ठी एका मुक्कामावरून पुढे गेली की तो एकाने कमी होतो. शून्य झाला की चिठ्ठी पुढे न पाठवता ‘फार मुक्काम झाले’ असे कळवून परत फिरवतात. दोन यंत्रे एकमेकांकडे बोट दाखवून चिठ्ठी जन्मभर फिरवत बसू नयेत, म्हणून ही तजवीज आहे. सरकारी फायलींना असा आकडा लावता आला असता, तर पुष्कळ लोकांचे भले झाले असते.

‘कॉन्टॅक्ट’ ही ओळ म्हणते, पुढचे निरोप मला थेट या ठिकाणी पाठवा. माणसाचे नाव-गाव वेगळे आणि आज तो उतरला आहे ती खोली वेगळी. ‘फ्रॉम’ म्हणजे नाव-गाव. ‘कॉन्टॅक्ट’ म्हणजे खोली.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची ओळ. तिचे नाव ‘व्हाया’. आपल्याकडे एस. टी.च्या पाटीवर ‘मार्गे चिखली’ लिहिलेले असते, तोच हा शब्द. चिठ्ठी ज्या ज्या यंत्रातून पुढे जाते, ते प्रत्येक यंत्र आपली एक ‘व्हाया’ ओळ सगळ्यांच्या वर चढवते. त्यामुळे सगळ्यांत खालची ओळ पहिल्या पाठवणाऱ्याची आणि सगळ्यांत वरची शेवटच्या मुक्कामाची. उत्तर परत येताना याच वाटेने येते आणि प्रत्येक यंत्र आपली ओळ काढून घेते. या ओळीत ‘ब्रांच’ नावाची एक खूण असते; ती ‘झेड ९ एच जी ४ बी के’ या सात अक्षरांनी सुरू झाली, तर यंत्र २००२ च्या नियमांप्रमाणे चालते, असे समजते.

पण खरी मौज पुढे आहे. पाठवणारा आपल्या ‘व्हाया’मध्ये स्वतःचा पत्ता स्वतः लिहितो. पुढचे यंत्र मात्र चिठ्ठी प्रत्यक्षात कुठून आली ते पाहते. लिहिलेला पत्ता आणि प्रत्यक्ष पत्ता वेगळा निघाला, तर ते त्याच ओळीला ‘रिसीव्हड’ असे जोडून खरा पत्ता नोंदवते. म्हणजे एकाच ओळीत निम्मे पाठवणाऱ्याचे म्हणणे असते आणि निम्मी साक्षीदाराची नोंद.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हे कापसाच्या गाठीवरून चटकन समजेल. खामगावची कापसाची बाजारपेठ जुनी. जलंबपासूनचा रेल्वेचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तो याच कापसासाठी. पुढे कापसात भेसळ होऊ लागली, तेव्हा १९२५ सालच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे भाग पाडले. व्यापाऱ्याने सांगितलेली जात आणि प्रेसने मारलेली खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडण लागले की खूण पाहायची. ‘फ्रॉम’ ही व्यापाऱ्याची जबान आहे. ‘रिसीव्हड’ ही प्रेसची खूण आहे.

कोऱ्या ओळीखाली जो मजकूर असतो, तो आवाजाचा करारनामा म्हणावा. माझे यंत्र आवाजाच्या अमुक अमुक पद्धती जाणते, माझ्याकडे आवाज या पत्त्यावर, या दारातून पाठवा, असे त्यात असते. आवाज पुष्कळदा चिठ्ठीच्या वाटेने न जाता वेगळ्या वाटेने जातो. म्हणून कधी कधी फोन लागतो, पण एकालाच ऐकू येते. चिठ्ठी पोचलेली असते, करारनाम्यातला पत्ता चुकलेला असतो.

उत्तरे

निमंत्रणाला उत्तर येते ते तीन आकड्यांत. १०० म्हणजे चिठ्ठी पोचली, पुढे खटपट चालू आहे. १८० म्हणजे पलीकडे घंटी वाजते आहे. २०० म्हणजे फोन उचलला. मग फोन लावणाऱ्याकडून ‘ॲक’ म्हणजे ‘पावले’ असा निरोप जातो आणि बोलणे सुरू होते. बोलणे संपले की कोणीतरी एक ‘बाय’ पाठवतो.

फोन लागला नाही, तरी त्याला कारणाचा आकडा असतो. ४८६ म्हणजे माणूस दुसऱ्या बोलण्यात आहे. ४०४ म्हणजे असा कोणी इथे नाही. ४८० म्हणजे तूर्त उपलब्ध नाही. ६०३ म्हणजे नकार दिला. ४०८ म्हणजे वाट पाहिली, उत्तरच आले नाही. आणि ४८७ म्हणजे निमंत्रणच मागे घेतले गेले. घंटी वाजत असताना कंटाळून फोन लावणाऱ्याने ठेवून दिला, की हे उत्तर येते.

सर्वसामान्य तक्त्यात या सगळ्यांची एकच नोंद होते: ‘न उचललेला’. खरे म्हणजे ‘घंटी वाजली आणि उचलला नाही’ आणि ‘घंटी वाजलीच नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हजेरीपटावर गैरहजर मांडलेला कामगार घरी झोपला होता, की गेटवर उभा असूनही त्याला आत घेतले नव्हते, हाच तो प्रश्न.

४१ फोनांचा हिशेब

आता त्या गठ्ठ्याकडे येऊ. पहिली अडचण ही, की कागद दोन प्रकारचे होते. बाहेरचा फोन कार्यालयाच्या एक्स्चेंजपर्यंत येतो, हा एक कॉल. आणि एक्स्चेंज तो त्या मुलीच्या फोनकडे पाठवते, हा दुसरा. अशा एक्स्चेंजमध्ये एक कॉल संपवून त्याच्या जोडीने दुसरा नवीन कॉल लावला जातो आणि त्याला नवा कॉल-आयडी मिळतो. म्हणजे एकाच फोनच्या दोन पावत्या, दोन क्रमांक. व्यवस्थापनाचा तक्ता पहिल्या पावतीवरून काढला होता. मुलीच्या फोनशी काय घडले, ते दुसऱ्या पावतीवर होते आणि ती कोणी पाहिलीच नव्हती.

दुसरी अडचण घड्याळांची. दोन यंत्रांची घड्याळे चार मिनिटांनी पुढेमागे होती. एका तरुण तंत्रज्ञाने मदत केली. आम्ही दोघांनी तीन रविवार बसून वेळ, नंबर आणि क्रम जुळवून पावत्यांच्या ४१ जोड्या लावल्या.

जोड्या लागल्यावर चित्र उघडे पडले. ८ कॉलमध्ये मुलीच्या फोनकडून १८० हे उत्तर आलेले होते. घंटी वाजली होती. बाकीच्या ३३ मध्ये तिच्या फोनकडून एकही अक्षर आलेले नव्हते. एक्स्चेंजने निमंत्रण पाठवले, उत्तर नाही. अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवले. मग एका सेकंदाने, मग दोन, चार, आठ, सोळा सेकंदांनी. अशी एकूण सात वेळा तीच चिठ्ठी गेली. सातही चिठ्ठ्यांवर ब्रांचची खूण एकच, अनुक्रमांक एकच. म्हणजे ते सात फोन नव्हते, एकाच हाकेचे सात पुकारे होते. ३२ सेकंदांनी एक्स्चेंजने नाद सोडला आणि ४०८ अशी नोंद केली. हा सगळा क्रम नियमात लिहिल्याबरहुकूम आहे.

तेवढा वेळ बाहेरच्या माणसाला मात्र घंटी ऐकू येत होती, कारण ती घंटी एक्स्चेंज स्वतःच त्याला ऐकवत होते. तो बिचारा समजे, फोन वाजतो आहे आणि कोणी उचलत नाही. तो चिडून तक्रार करी. इकडे ही मुलगी मुक्या फोनपुढे बसलेली.

असे का झाले? प्रत्येक फोन ठरावीक वेळाने एक्स्चेंजला ‘मी अमुक पत्त्यावर आहे’ असे कळवतो. त्याला नोंदणी म्हणतात. इथे ही नोंदणी ३६०० सेकंद, म्हणजे एक तास ग्राह्य धरली जाई. एक्स्चेंज दूरच्या शहरात होते आणि मध्ये कार्यालयाचे राउटर होते. वीज गेली की फोन बॅटरीवर चालू राहत, राउटर मात्र बंद पडे. वीज आल्यावर राउटर सुरू होई, पण बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता बदललेला असे. फोनला हे कळत नसे, एक्स्चेंजलाही कळत नसे. पुढची नोंदणी होईपर्यंत एक्स्चेंज जुन्या पत्त्यावर हाका मारत राही. आणि त्या वेळात मुलीने स्वतः बाहेर फोन लावला तर तो लागे, म्हणून यंत्रात दोष असल्याची कोणाला शंकाही येत नसे. ३३ नोंदी वेळेप्रमाणे मांडल्या, तर त्या सुट्या सुट्या नव्हत्या. पुंजके होते, आणि प्रत्येक पुंजका वीज परत आल्यानंतरच्या तासाभरातला होता. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, ते तुम्हाला सांगायला नको.

उरलेल्या ८ पैकी ५ जेवणाच्या सुटीतले निघाले. ३ फोन मात्र तिने खरोखरच घेतले नव्हते आणि तिने ते कबूल केले. मी हे मुद्दाम सांगतो. कागद आपल्या बाजूने बोलतो तेवढा वाचायचा आणि विरुद्ध बोलतो तिथे घडी घालायची, ही रीत युनियनला शोभत नाही. त्या तीन फोनांच्या कबुलीमुळेच बाकीच्या अडतीस फोनांबद्दल आमचे म्हणणे पुढे मान्य झाले. कपात परत मिळाली, आणि राउटरला बॅटरी बसली. एक मुलगा मात्र तोवर काम सोडून गेला होता. त्याचे कागद कोणी मागितले नव्हते.

१९३६ सालच्या वेतन कायद्यातही, दंड करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी, असे स्पष्ट म्हटले होते. पण ज्या भाषेत आरोप लिहिला आहे ती वाचताच येत नसेल, तर बाजू मांडणार कशी?

खोट्या नावाचे निमंत्रण

आता थोडे घरच्या फोनबद्दल. तुमच्या मोबाइलवर जो नंबर उमटतो, तो या मथळ्याच्या ओळींतूनच येतो. ‘फ्रॉम’ पाठवणारा स्वतः लिहितो, हे आपण पाहिले. ज्याच्या हाती स्वतःचे यंत्र आहे, तो तिथे कोणाचाही नंबर लिहू शकतो. यावर उपाय म्हणून २००२ साली आणखी एक ओळ काढली गेली. कंपनी आपल्या ग्राहकाची ओळख पटवून ती स्वतः भरते आणि पुढच्या कंपनीला सांगते, की या नंबराची खात्री आम्ही देतो. पण ही खात्री एकमेकांवर विश्वास असलेल्या कंपन्यांपुरतीच चालते. साखळीतली एक कडी अप्रामाणिक निघाली, की पुढच्या सगळ्यांना तिचे खोटे खरे मानून पुढे न्यावे लागते.

आपल्या देशात नेमके हेच होत होते. परदेशातून येणाऱ्या कॉलवर भारतातलाच नंबर उमटे. माणसाला वाटे, जवळूनच कोणी बोलतो आहे. ‘मी पोलिस खात्यातून बोलतो’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’, अशी धमकी येई. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी यावर एक यंत्रणा सुरू केली. परदेशातून भारतीय नंबर दाखवत कॉल आला, तर त्या नंबरचा मालक खरोखरच परदेशात गेलेला आहे का, हे आधी तपासायचे. नसेल तर कॉल दारातच थांबवायचा. पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल असे अडवले गेले, असे सरकारने जाहीर केले. या उपायाचे मर्म पाहा. ‘फ्रॉम’ काय म्हणतो ते बाजूला ठेवून, तो माणूस प्रत्यक्ष कुठे आहे याची साक्ष काढली. ‘रिसीव्हड’चेच हे तत्त्व.

अमेरिकेत एक पाऊल पुढे जाऊन कॉलच्या मथळ्यात कंपनीची संगणकीय सही घालण्याची पद्धत आली; ३० जून २०२१ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना ती बंधनकारक झाली. आपल्याकडे नंबराबरोबर नोंदणीतले नाव दाखवावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. हे सगळे चांगलेच आहे. पण सही खरी असली, तरी सही करणाऱ्याचा हेतू खरा असतो असे नाही. नंबर खरा निघाला, म्हणून माणूस खरा ठरत नाही. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा, घरातल्या माणसांना सांगावे, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या नंबरवर कळवावे. पहिल्या तासाला फार किंमत असते.

शेवटचे मागणे

मोबाइल वापरणाऱ्याला या ओळी सहसा दिसत नाहीत, हे खरे. पण ज्या कार्यालयात इंटरनेटवरचे फोन आहेत, तिथे त्या साठवता येतात आणि छापून घेता येतात. आपली मुले आज अशा खुर्च्यांवर बसू लागली आहेत. पूर्वी जिनात रुईचे वजन होताना काट्याजवळ आपला माणूस उभा असावा, एवढी मागणी असे. आता काटा दिसत नाही, म्हणून ती मागणी सोडून द्यायची का? ज्या नोंदीवरून पगार कापला जातो ती नोंद, तिचा तक्ता नव्हे, कामगाराला वाचायला मिळाली पाहिजे. आणि ती वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक युनियनमध्ये तयार झाला पाहिजे.

त्याला फार शिकावे लागत नाही. कागद हाती आला की चार प्रश्न विचारावेत. ही ओळ कोणी लिहिली, बोलणाऱ्याने स्वतः की वाटेतल्या साक्षीदाराने? या दोन कागदांची घड्याळे जुळतात का? हा तोच कॉल आहे, की त्याची दुसरी पावती? आणि शेवटी, घंटी वाजल्याचे उत्तर आले होते का?

ती भगिनी आज दुसरीकडे काम करते. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यातच तिने विचारले, की वीज गेल्यावर राउटर चालू राहतो का. तिथला साहेब चकित झाला, असे ती मला सांगत होती. तुमच्यापैकी चार जणांनी उद्या आपापल्या ठिकाणी एवढे विचारले, तरी माझे इथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.